जीवाणूंच्या गरजा आणि पाण्याची राखण

मृगाचा पाऊस स्थिरावला की ठाणे जिल्ह्यातील उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांचे पाणी एका रात्रीत तांबडे होते. उन्हाळाभर ओढ्या-नाल्यांच्या काठी साचलेली घाण, गुरांचे शेण, उघड्या गटारांतील गाळ हे सारे पहिल्या सरींबरोबर वाहत येऊन नदीला आणि खोलगट जागेतील विहिरींना मिळते. पुढील काही आठवड्यांत जुलाब-उलट्यांचे आणि विषमज्वराचे रुग्ण वाढू लागतात. दरवर्षी ठरावीक काळी हे का घडते, या प्रश्नाचे उत्तर केवळ पावसात नाही. ते ज्या सूक्ष्म जीवांमुळे हे रोग होतात त्यांच्या गरजांमध्ये आहे.

जीवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. बहुतेकांची लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून काही हजारांश भागांपर्यंत असते. साहजिकच सरपंच, शिक्षक किंवा आरोग्य कर्मचारी यांना जीवाणू शोधून काढता येत नाहीत. परंतु जीवाणूंना लागणाऱ्या गोष्टी मात्र सर्वांना दिसतात. ओल दिसते, खरकटे दिसते, गळकी नळवाहिनी दिसते, तासन् तास उघडे राहिलेले भांडे दिसते. सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणाचा बराचसा भाग या दिसणाऱ्या गोष्टींवर नजर ठेवण्यात सामावलेला आहे.

टिकणे वेगळे, वाढणे वेगळे

जीवाणू हा एकाच पेशीचा जीव. त्याचे पुनरुत्पादन अगदी साधे असते. पेशी वाढते आणि मधोमध दुभंगते. एकाचे दोन, दोनाचे चार असे हे चालते. मानवी आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूला सर्व परिस्थिती अनुकूल मिळाली तर त्याची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. या वेगाने एका जीवाणूपासून ५ तासांत ३२,७६८ आणि ७ तासांत २० लाखांहून अधिक जीवाणू निर्माण होतात. १० तासांत हा आकडा १०० कोटींच्या पुढे जातो. प्रत्यक्षात अन्न संपते, जागा अपुरी पडते, त्यांचीच टाकाऊ द्रव्ये साचतात आणि हा वेग मंदावतो. तरीही पहिल्या काही तासांचे महत्त्व या हिशेबावरून ध्यानी यावे.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. जीवाणूंची वाढ होण्यास बऱ्याच गोष्टी एकाच वेळी अनुकूल असाव्या लागतात. नुसते टिकून राहण्यास त्यापेक्षा कितीतरी कमी पुरते. स्वच्छ, थंड पाण्यात विषमज्वराचे जंतू फारसे वाढत नाहीत, परंतु काही दिवस जिवंत राहू शकतात. तेच पाणी दुधात किंवा शिजवलेल्या अन्नात पडले म्हणजे वाढीस आरंभ होतो. काही जीवाणू तर प्रतिकूल काळात स्वतःभोवती कठीण कवच तयार करून बीजाणूच्या रूपाने वर्षानुवर्षे पडून राहतात. धनुर्वाताचे जंतू मातीत अशाच अवस्थेत असतात.

पहिली गरज : ओलावा

जीवाणू अन्न चावून खात नाही. पाण्यात विरघळलेले अन्न तो आपल्या आवरणातून शोषून घेतो. ओलावा नसेल तर भोवताली कितीही अन्न असले तरी ते त्याला घेता येत नाही. कोकणातील गृहिणी पिढ्यान् पिढ्या पापड, कुरडया, सांडगे उन्हात वाळवून ठेवतात आणि कोळीवाड्यांत बोंबील दोऱ्यांवर सुकवले जातात, त्यामागील शास्त्र हेच आहे. मीठ आणि साखर याही वेगळ्या रीतीने ओलावा हिरावून घेतात. खारवलेल्या मासळीतील पाणी मिठाने बांधले जाते आणि बहुतेक जीवाणूंच्या उपयोगी पडत नाही.

ओलावा जंतूंना किती काळ जगवतो याचे कठोर उदाहरण या परिसराने अनुभवले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईबरोबर ठाणे जिल्ह्यातही हाहाकार उडाला. उल्हासच्या पुराने बदलापूर आणि कल्याणच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या रोगाचे जंतू उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून बाहेर पडतात. कोरड्या जागेत ते लवकर मरतात; परंतु चिखलात आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात आणि पायाला झालेल्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. म्हणूनच पुरानंतर चिखल काढणे आणि पाण्याचा निचरा करणे हे स्वच्छतेइतकेच रोगनिवारणाचेही काम होय. चिखलात काम करणाऱ्यांना गमबूट देणे हा त्या कामाचाच भाग आहे.

दुसरी गरज : अन्न

इतर सजीवांप्रमाणे जीवाणूंनाही कर्ब, नत्र, स्फुरद, गंधक आणि लोहासारखी काही खनिजे लागतात. काही जीवाणू ही द्रव्ये हवा आणि खनिजे यांपासून स्वतः मिळवतात. परंतु रोगकारक जीवाणूंपैकी बहुतेकांना तयार सेंद्रिय अन्न हवे असते. दूध, मांस, शिजवलेला भात, डाळ हे माणसाचे उत्तम अन्न, आणि तेच त्यांचेही.

जंतूंच्या आवडीनिवडी जाणून घेणे हा विज्ञानाच्या मोठ्या यशांचा पाया ठरला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगास आरंभ केला. त्यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या आधाराने खाली लोंबणाऱ्या तंतूंच्या रूपाने भरघोस वाढले. मग उष्णतेने ते मारून त्यांची लस तयार करण्यात आली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईतील हाफकिन संस्था हे त्या प्रयोगशाळेचेच पुढील रूप. जंतूला काय हवे हे कळले म्हणून त्याला वाढवता आले, आणि वाढवता आले म्हणून त्याच्याविरुद्ध शस्त्र घडवता आले.

तिसरी गरज : योग्य उष्णतामान

माणसाला रोग देणारे बहुतेक जीवाणू मानवी शरीराच्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतामानात उत्तम वाढतात. सामान्यतः ५ ते ६० अंश हा पट्टा अन्नाच्या दृष्टीने धोक्याचा मानला जातो. ५ अंशांखाली बहुतेकांची वाढ अतिशय मंदावते. मात्र जंतू मरत नाहीत, ते केवळ थबकतात. ६० अंशांवर वाढ थांबते आणि त्यापुढे ते मरू लागतात. ठाणे-कल्याणची हवा बारमाही उबदार आहे. येथे उघड्यावर ठेवलेले शिजलेले अन्न निवू लागले की ते या पट्ट्यात येते आणि तेथेच राहते.

शालेय पोषण आहाराच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. तांदळात आढळणाऱ्या बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवण्यानेही मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातील खिचडी मध्यभागी हळूहळू निवते. त्या उबेत बीजाणूंना अंकुर फुटतात, जीवाणू वाढतात आणि विष तयार करतात. त्यांतील एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव पाहण्याची पद्धत योग्यच आहे, परंतु चवीवरून किंवा वासावरून या जंतूंचा पत्ता लागेलच असे नाही. सकाळी ८ वाजता शिजलेले अन्न दुपारी १ वाजता वाढले तर मध्ये ५ तास जातात, आणि ५ तासांचा हिशेब वर दिलाच आहे. यासाठी वाढण्याच्या वेळेस शक्य तितके जवळ शिजवणे, गरम असतानाच वाढणे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी न वापरणे हे तीन नियम पाळणे इष्ट ठरते.

चौथी गरज : आम्लता बेताची

बहुतेक जीवाणूंना फार आंबट किंवा फार खारट परिस्थिती मानवत नाही. ना आम्ल ना अल्क अशा मधल्या स्थितीत ते सुखाने वाढतात. लिंबाचे लोणचे, ताक, आमसुलाचे सार हे पदार्थ टिकतात किंवा कमी बिघडतात ते याच कारणाने. दह्यात तर जीवाणूच जीवाणूंचा बंदोबस्त करतात. विरजणातील जीवाणू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात इतर अनेक जंतूंची वाढ खुंटते. मात्र या नियमालाही अपवाद आहेत. पिकलेल्या फोडात आढळणारे स्टॅफिलोकोकस जंतू बरेच मीठ सहन करतात. हाताला जखम असलेल्या व्यक्तीने स्वयंपाक करू नये, असे सांगितले जाते ते त्यासाठी.

प्राणवायू : कोणास हवा, कोणास नको

प्राण्यांना प्राणवायूवाचून जगता येत नाही. जीवाणूंचे तसे नाही. काहींना प्राणवायू अत्यावश्यक असतो, काहींना तो विषासमान असतो आणि ई. कोलायसारख्या काहींचे दोन्ही परिस्थितींत चालते. ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांशी उघडा पडणारा काळा चिखल आणि त्याला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास ही प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंची खूण. समुद्राच्या पाण्यातील गंधकयुक्त क्षारांवर ते जगतात आणि त्यातून तो दुर्गंधी वायू निघतो. खाडीच्या चिखलात हे नैसर्गिकच आहे. वाहत्या नदीला असा वास येऊ लागला तर मात्र ती धोक्याची सूचना समजावी.

असे होण्याचे कारण सरळ आहे. २५ ते ३० अंश उष्णतामानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. नदीत मैलापाणी आले की त्यातील सेंद्रिय द्रव्यांवर जीवाणू तुटून पडतात आणि ते पचवताना हा प्राणवायू वापरून टाकतात. हवेतून भरपाई होण्याच्या वेगापेक्षा खर्चाचा वेग वाढला की मासे गुदमरतात आणि शेवटी प्राणवायू नको असलेल्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरमार्गे कल्याणला येणारी वालधुनी नदी घरगुती आणि औद्योगिक सांडपाण्याने नाल्याच्या कळेला गेली, ती कथा बव्हंशी हीच आहे. उल्हासच्या पात्रात उन्हाळ्यात माजणारी जलपर्णीदेखील सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवरच पोसली जाते.

हीच क्रिया नियंत्रणाखाली घडवून आणली तर ती वरदान ठरते. ठाण्यातील कोपरी येथील केंद्रासारख्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत खरे काम जीवाणूच करतात. त्यांना भरपूर हवा दिली जाते. ते पाण्यातील घाण खातात, वाढतात आणि गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. नदीत व्हावयाचा प्राणवायूचा खर्च अशा रीतीने हौदातच उरकला जातो. मात्र हे जीवाणूही जिवंतच आहेत. कारखान्यांतील विषारी रसायने प्रक्रियेवाचून गटारात सोडली तर ती या कामकऱ्यांनाच मारतात आणि केंद्र चालू असूनही पाणी शुद्ध होत नाही.

नदीपासून माठापर्यंत

लोणावळ्याजवळच्या डोंगररांगांत उगम पावणारी उल्हास कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करते. कल्याणच्या पुढे तिची खाडी होते आणि वसईजवळ ती समुद्रास मिळते. शहाड-टेमघर योजनेतून ठाणे आणि भिवंडी या शहरांना, तर मोहिली येथून कल्याण-डोंबिवलीला हिचेच पाणी मिळते. बारवी धरणाचे पाणी औद्योगिक विकास महामंडळामार्फत कारखान्यांबरोबर नागरी वस्त्यांनाही पुरवले जाते.

शुद्धीकरण केंद्रात तुरटी घालून गढूळपणा खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरिन मिसळतात. या क्रमाला अर्थ आहे. गाळ हा जंतूंचा आसरा आणि सेंद्रिय द्रव्य हे त्यांचे अन्न. क्लोरिन जंतूंना मारतो तसाच तो या सेंद्रिय द्रव्यांवरही खर्च होतो. अर्थात जे जंतूंचे अन्न, तेच क्लोरिनचेही भक्ष्य. गढूळ पाण्यात नेहमीइतकाच क्लोरिन घातला तर घाणीवर तो संपून जातो आणि जंतू शिल्लक राहतात. म्हणून पावसाळ्यात मात्रा वाढवावी लागते, आणि नळाच्या तोंडाशी क्लोरिन उरला आहे किंवा नाही हे पाहावे लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावा आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय किंवा त्या वर्गाचे जंतू मुळीच आढळू नयेत.

शुद्ध होऊन निघालेले पाणी वाटेत पुन्हा दूषित होऊ शकते. जेथे पाणी ठरावीक तासच सोडले जाते तेथे उरलेल्या वेळात नळवाहिनीतील दाब नाहीसा होतो. वाहिनी गटाराजवळून जात असेल आणि तिला भेग असेल, तर बाहेरचे पाणी आत खेचले जाते. पंप थेट नळाला जोडल्याने हा धोका आणखी वाढतो. त्यानंतर घरातील पिंप आणि हंडे येतात. साठवलेल्या पाण्यातील क्लोरिन तासागणिक कमी होत जातो; अशा वेळी बोटे बुडवून पाणी घेतले तर जंतूंना ओलावा, ऊब आणि हाताबरोबर आलेले अन्न अशा तिन्ही गोष्टी मिळतात. भांड्यावर झाकण ठेवणे आणि पाणी ओगराळ्याने काढणे या जुन्या सवयींची किंमत येथे कळते. संशय असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे.

विहिरीचे निर्जंतुकीकरण

ग्रामीण भागातील विहिरींची जबाबदारी ग्रामपंचायतीवर असते. विहिरीतील पाण्याचे माप काढण्याची रीत सोपी आहे. विहिरीच्या व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि ३.१४ यांचा गुणाकार करून त्याला ४ ने भागावे. मापे मीटरमध्ये घेतली असता उत्तर घनमीटरमध्ये येते, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर विहिरीत सुमारे ३७,७०० लिटर पाणी असते. चांगल्या प्रतीची विरंजक भुकटी, म्हणजे गावोगाव टीसीएल म्हणून ओळखली जाणारी पावडर, स्वच्छ पाण्यास दर १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम लागते. या हिशेबाने अशा विहिरीस सुमारे ९५ ग्रॅम पुरेल. पाणी गढूळ असल्यास अधिक लागेल.

भुकटी सरळ विहिरीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवावी, मग पाणी वाढवून ढवळावे आणि ५ ते १० मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी बसलेला चुना फेकून देऊन वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घ्यावी, ती विहिरीच्या पाण्यात खोल सोडावी आणि बादली वर-खाली हालवून सर्वत्र मिसळावी. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू देऊ नये. क्लोरिनलाही आपले काम करण्यास वेळ लागतो. यासाठी रात्रीची वेळ सोयीची असते. शेवटी ओटी चाचणी घ्यावी; नमुन्यास पिवळी छटा आली तर क्लोरिन शिल्लक आहे असे समजावे. चाचणीचे द्रावण विषारी असल्याने हाताला लागू देऊ नये आणि तपासलेले पाणी पिऊ नये. ओलीच्या जागी किंवा उघड्या पोत्यात ठेवलेल्या भुकटीतील क्लोरिन उडून जातो, आणि नुसता चुना विहिरीत टाकल्यासारखे होते.

राज्यात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांचे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर सर्वेक्षण करून जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. विहिरीला कठडा आहे काय, भोवती सांडपाणी साचते काय, शौचालय किंवा उकिरडा किती अंतरावर आहे, वाहिनी गळते काय, भुकटीचा साठा आहे काय, अशा गोष्टी त्यात पाहिल्या जातात. हे सर्वेक्षण जंतू मोजत नाही. जंतूंच्या येण्याच्या वाटा आणि राहण्याच्या सोयी मोजते. लाल कार्ड मिळणे यात कमीपणा मानून ते कपाटात ठेवून देण्यापेक्षा त्यातील एकेक दोष ग्रामसभेपुढे मांडून पावसाळ्याआधी दूर करणे अधिक हिताचे आहे.

साखळीतील एक दुवा

जीवाणूंचे समूळ उच्चाटन शक्य नाही, आणि ते इष्टही नाही. जमिनीची सुपीकता, गुरांचे पचन, दही, कंपोस्ट खत आणि मैल्याची विल्हेवाट यांसाठी माणूस त्यांच्यावरच अवलंबून आहे. प्रश्न त्यांना योग्य जागी ठेवण्याचा आहे. ओलावा, अन्न, ऊब, बेताची आम्लता, हवेची अनुकूलता आणि पुरेसा वेळ ही एक साखळी आहे. तिचा एक दुवा तुटला तरी वाढ खुंटते. गळती दुरुस्त करणारा पाणीपुरवठा कर्मचारी, अन्न शिजण्याची वेळ पाळणारी स्वयंपाकी, मुलांना साबणाने हात धुण्यास लावणारे शिक्षक आणि टीसीएलचा डबा कोरड्या जागी ठेवणारे पंचायत सदस्य हे सर्व त्या साखळीचा एकेक दुवा तोडत असतात. मृगाचा पाऊस येण्यापूर्वीच हे काम पुरे झाले, तर नदीचे पाणी तांबडे झाले तरी गावातील माठाचे पाणी सुरक्षित राहील.